टोमॅटोच्या मर रोगाचा जिवाणू अचानक ‘मवाळ’ कसा झाला?

प्लेटवाली:
राल्स्टोनियाचा, म्हणजे मर रोगाच्या या जिवाणूचा, एक आयसोलेट (रोगट झाडातून वेगळा काढलेला नमुना) पाच महिने सांभाळतेय. सुरुवातीला मुळांशी सस्पेन्शन (जिवाणू कालवलेलं पाणी) ओतलं की आठवड्याभरात टोमॅटोची रोपं माना टाकायची. खोड कापून पाण्यात धरलं की दुधासारखे धागे खाली उतरायचे. या वेळी तीच घनता, तेच तापमान, आणि १२ दिवस झाले तरी रोपं मजेत उभी! दुसरंच काही मिसळलं म्हणावं, तर पीसीआरचा (डीएनएवरून जिवाणू ओळखणाऱ्या चाचणीचा) बँड अगदी जागेवर. दर १५ दिवसांनी ताज्या ब्रॉथमध्ये (पातळ पोषक द्रवात) सबकल्चर करते, म्हणजे थोडे जिवाणू नव्याने वाढवते. गाईड म्हणतात, नवा आयसोलेट आणा. आणते, पण आधी कळू दे ना काय झालं ते.

जुना स्ट्रीकर:
टीझेडसीवर (कॉलन्यांना लाल रंग आणणारा टेट्राझोलियम घातलेलं माध्यम) स्ट्रीक करून, म्हणजे रेघा ओढून पसरून बघा. आणि ब्रॉथ शेकरवर (हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर) ठेवता की नुसताच?

प्लेटवाली:
केलं. ४८ तासांनी निम्म्याहून जास्त कॉलन्या लहान, गोल, गर्द लाल. बाकीच्या मोठ्या, ओघळलेल्या, पांढऱ्या, मध्ये गुलाबी. शेकर बंद पडलाय, त्यामुळे ब्रॉथ टेबलावरच असतो.

जुना स्ट्रीकर:
सापडला चोर. पांढऱ्या कॉलन्या रोग पाडणाऱ्या, लाल बिनकामाच्या. केलमनने १९५४ मध्ये हे माध्यम याच फरकासाठी दिलं.

या जिवाणूत पीएचसीए नावाचा जीन मुकादमासारखा असतो. संख्या वाढली की तो चिकट पदार्थ बनवायला लावतो. त्यानेच झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबतात. या जीनमध्ये डीएनएची एक-दोन अक्षरं घुसली तरी मुकादम गारद. चिकटा थांबतो, पोहणं मात्र वाढतं. न हलवलेल्या ब्रॉथमध्ये प्राणवायू वरच्या थरातच, तिथे हे पोहणारे आधी पोचतात आणि माजतात. झाडात चिकटा म्हणजे हत्यार, ट्यूबमध्ये नुसता खर्च. म्हणजे दर १५ दिवसांनी तुम्हीच नेभळटांची निवड करत होतात! (मीही एक वर्ष असंच घालवलंय.) पीसीआर बहुधा जीनोमचा दुसराच तुकडा बघतं, त्याला याचा पत्ता नाही.

ओघळणारी एकच पांढरी कॉलनी उचला, निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्यात कालवा, झाकण घट्ट लावून खोलीच्या तापमानाला ठेवा. वर्षानुवर्षं टिकते. फ्रीजमध्ये नको.

पानावरचा डाग:
एकदा रोपातून काढलं की ताकद परत येते म्हणतात ना?

जुना स्ट्रीकर:
बहुतेकदा उरलेल्या चांगल्या पेशी रोपात पुढे जातात, एवढंच. पीएचसीएमध्ये एखादा तुकडा दुबार झाला असेल तर तो गळून जीन खरोखर पूर्ववत होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका.

आणि या बिघाडाला शेतातली विविधता समजू नका. तिथे प्रश्न असतो कोणत्या पिकावर चढायचं याचा. राल्स्टोनियाचाच जीएमआय१००० हा स्ट्रेन (वाण) टोमॅटो मारतो, तंबाखूला काही करत नाही, कारण तंबाखू त्याची दोन प्रथिनं ओळखतो. ती दोन्ही काढली की तंबाखूही मरतो. म्हणजे काहीतरी गमावून जिवाणू जास्त घातक झाला!

प्लेटवाली:
पांढरी कॉलनी ६ रोपांना दिली. सातव्या दिवशी ५ आडवी. लाल कॉलन्या टाकू का?

जुना स्ट्रीकर:
अजिबात नाही. पीएचसीए सिक्वेन्स करा, प्रबंधाचं एक प्रकरण आयतं मिळालंय.