मदत हवी आहे: कौलांवरचं शेवाळ काढून घेण्याचा खर्च करावा का?

नमस्कार मंडळी. आमचं घर कौलारू. छपराच्या एका अंगावर झाडाची सावली असते, ती बाजू गेल्या काही वर्षांत हिरवीगार झाली आहे. उन्हाची बाजू नुसती काळपट पडली आहे. छप्पर साफ करून देणारे एक जण येऊन बघून गेले. सगळं छप्पर जेटच्या पाण्याने धुवायचं आणि वरून कोटिंग मारायचं, असं त्यांनी सांगितलं. त्यांची रक्कम ऐकून बाबा म्हणाले, एवढ्यात फुटकी कौलं बदलून पन्हळही नवी बसेल.

काल मी शिडी लावून वळचणीपर्यंत चढलो. छपरावर पाय ठेवला नाही. पन्हळीत शेवाळाचे गोळे साचले होते. त्यातला एक पिळला तर पाणी गळलं, आणि पाऊस थांबून तीन दिवस झाले होते! कडेच्या दोन कौलांच्या सांध्यात शेवाळ इतकं दाटलं होतं, की वरचं कौल करंगळीभर उचललं गेलं होतं. घरात गळती अजून नाही. माळ्यावर जाऊन रिपा चाचपून पाहिल्या. एकच ओलसर लागली, तीही बरोबर त्या उचललेल्या कौलाखालची.

हा खर्च घराच्या आयुष्यासाठी आहे की फक्त दिसण्यासाठी, हे मला ठरवता येत नाहीये. आई-बाबा याच घरात राहतात, त्यामुळे चुकीच्या कामावर पैसे घालवायचे नाहीत आणि गरजेचं काम टाळायचंही नाही. ज्यांनी हे करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

तुमच्या छपराच्या दोन बाजूंचे प्रश्न वेगळे आहेत. उन्हाच्या बाजूचा काळेपणा बहुधा सूक्ष्म शैवालाचा आहे. त्याने भाजलेल्या मातीचं कौल कमजोर होत नाही, तिथे पैसे घालू नका. सावलीच्या बाजूचं काम मात्र करून घ्या. शेवाळ पाणी धरून ठेवतं, सांधे उचलतं, पन्हळ तुंबवतं. तुमची ओली रीप हेच सांगते आहे.

पण जेट नको, हे कळकळीने सांगतो. कौलांची रचना वरून खाली वाहणारं पाणी बाहेर टाकण्यासाठी असते. जोराचा फवारा खालून वर गेला की पाणी थेट सांध्यातून माळ्यावर उतरतं. शिवाय कौलाचा वरचा घट्ट थर खरवडला जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि शेवाळ पुन्हा लवकर धरतं. कोटिंगबद्दलही सावध राहा. ओल बाहेर पडू न देणारा थर असेल तर तो पुढे पापुद्र्यांनी सुटतो.

शेवाळ कोरडं असताना आढ्याकडून खाली येत हाताने खरवडायचं, मग शेवाळनाशक हलक्या दाबाने फवारायचं. उरलेलं मरतं आणि पुढच्या काही महिन्यांत पावसाने गळून जातं. दगडफुलाचे चट्टे ओढून काढू नका, ते कौलाला घट्ट चिकटलेले असतात आणि त्यांच्यासोबत कौलाचा पापुद्राही निघतो. काम करणारी माणसं दोर-पट्टा वापरतात का, त्यांचा विमा आहे का, चालताना कौल फुटलं तर भरून कोण देणार, हे आधी लिहून घ्या.

प्रतिसाद २

आम्ही पैसे वाचवायला घरीच ब्लीच फवारलं होतं. छपराचं पाणी साठवणाच्या टाकीत जातं, तो पाइप सोडवायचाच राहिला. पुढच्या सरीला सगळं ब्लीच टाकीत उतरलं, टाकी रिकामी करून दोनदा धुवावी लागली. खालची झाडंही होरपळली. तेव्हा आधी पाइप सोडवा, झाडांना भरपूर पाणी घालून झाकून ठेवा. आणि ब्लीचमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

पडवीवर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला हातसुद्धा लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. घासलं किंवा जेट मारला की त्याचे तंतू सुटतात, ते फुप्फुसांना फार घातक असतात. शिवाय असा पत्रा पायाखाली अचानक फुटतो.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. पडवीवर तसाच जुना पत्रा आहे, बरं झालं वेळेवर कळलं! आढ्याखाली तांब्याची पट्टी बसवली तर शेवाळ धरत नाही असं वाचलं होतं, त्याचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १

होतो, पण पट्टीखालच्या थोड्याच भागात. पावसाबरोबर धातूचा अंश खाली उतरतो आणि शेवाळाला वाढू देत नाही. तुमची पन्हळ ॲल्युमिनियमची किंवा जस्ताच्या मुलाम्याची असेल तर तांबं नको. ते पाणी पन्हळ खाऊन टाकतं. मी आधी सावलीची फांदी छाटली असती. छपरावर ऊन-वारा आला की निम्मं काम होतं.

धागाकर्ता

आमची पन्हळ मुलाम्याचीच आहे, म्हणजे पट्टी रद्द. त्या गृहस्थांना आज फोन करून फक्त सावलीच्या बाजूचं, हाताने करायच्या कामाचं विचारलं. जेटशिवाय ते काम घेत नाहीत म्हणाले, म्हणून दुसरं कोणी बघतोय. फांदी रविवारी छाटतोय. तोवर ते उचललेलं कौल बाबांना दाखवलं. सांध्यातलं शेवाळ काढून कौल परत नीट बसवलं आणि बोटाने वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं, म्हणजे तडा गेलेला नाही. रीप वाळते का, ते रोज बघतोय.