चमच्यावरचा हात

एका ताईंनी विचारलंय, शेवटच्या टप्प्यातल्या डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) रुग्ण स्वतःचं काहीच करत नाही, मग शुश्रूषाशास्त्रातल्या अभ्यासक ओरेम यांचा स्व-काळजीचा सिद्धांत (माणसाला स्वतःची काळजी जिथे घेता येत नाही, तिथे ती उणीव परिचारिकेनं भरून काढायची) तिथे काय कामाचा? प्रश्न रास्त आहे. पण डोरोथिया ओरेम यांनी शुश्रूषेच्या तीन पद्धती मांडल्या: सगळं परिचारिकेनं करायचं, काही तिनं काही रुग्णानं, किंवा नुसतं शिकवून पाठबळ द्यायचं. आपण असा रुग्ण दिसला की थेट पहिल्या खणात टाकून मोकळे होतो.

माझ्या सासूबाई शेवटी कुणालाच ओळखत नव्हत्या. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायच्या. एकदा चमचा मी धरला आणि त्यांचा हात माझ्या हातावर ठेवून वर नेला. तोंड आपसूक उघडलं! मऊ वरणभाताचे चार घास गेले, पाचव्याला हात ढिला पडला, मग मीच भरवलं. (ताठ बसवूनच हं, ठसक्याची भीती असते.) म्हणजे एकाच जेवणात पद्धत बदलली.

ओरेमच्या गरजांच्या यादीत हवा, पाणी, अन्न यांच्याबरोबर एकांत आणि सहवास यांचा तोलही आहे. डायपर बदलल्याची, कूस वळवल्याची नोंद होते. सहवासाची कुठे होते?

एक मात्र खटकतं. स्व-काळजी म्हणजे समजूनउमजून केलेली कृती, असं ओरेम धरतात. सासूबाईंच्या त्या हाताला यात कुठे बसवायचं, ते मला अजून जमलेलं नाही.