मदत हवी आहे: जीपी-५ मास्क, नवा फिल्टर आणि अडॅप्टरची गळती

माझ्याकडे सोव्हिएत बनावटीचा जीपी-५ गॅस मास्क आहे. या प्रकारच्या मास्कच्या मूळ फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक खनिज तंतू) सापडलेला आहे, त्यामुळे तो वापरायचा प्रश्नच नाही. सीलबंदच होता, दोन पिशव्यांत बांधून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवलाय. "एकदा लावून बघ" असं कृपया कोणी सुचवू नका.

मास्क हवाय तो लाकडी कपाटं घासायला आणि पॉलिश मारायला. नवीन ए२पी३ फिल्टर (सेंद्रिय वाफा आणि बारीक धूळ दोन्ही अडवणारा) आणला, ४० मिमी, नाटो आट्यांचा. मास्कचे आटेही ४० मिमीच, पण गॉस्टचे (सोव्हिएत मानकाचे): एका आट्याचं अंतर ४ मिमी, नव्याचं १/७ इंच, म्हणजे साधारण ३.६३ मिमी. थेट लावला तर एक-दीड फेरा जाऊन अडतो. रेटला नाही.

मग हे दोन वेगळे आटे जोडणारा धातूचा अडॅप्टर घेतला. फिल्टरचं तोंड तळहाताने बंद करून श्वास ओढला की मास्क चेहऱ्याला चिकटतो, पण काही सेकंदांत सैल पडतो. अडॅप्टर काढून मास्कचंच तोंड दाबलं तर मात्र चिकटलेला राहतो. म्हणजे चेहऱ्याकडची बाजू आणि उच्छ्वासाची झडप ठीक असावी. दाढी नाही, चष्मा नाही. रबरी वायसर बदलला, फरक शून्य. आट्यांना टेप किंवा सिलिकॉन लावलेलं नाही, ते सुटून आत जाईल ही भीती वाटते.

गळती अडॅप्टरच्या मास्ककडच्या टोकाला आहे की फिल्टरकडच्या, हे घरच्या घरी खात्रीने कसं ओळखायचं? आणि गळती थांबली तरी इतक्या जुन्या रबरावर पॉलिशच्या वाफांसाठी भरवसा ठेवावा, की सरळ नवीन हाफ मास्क (फक्त नाक-तोंड झाकणारा) घ्यावा?