मानधन समान, पण सामने?

२०२२मध्ये बीसीसीआयने पुरुष आणि महिला क्रिकेटपटूंचं सामन्याचं मानधन समान केलं, म्हणजे क्रिकेटपुरता तरी स्त्री-पुरुष समानतेचा विषय मिटला, असं काही जण म्हणतात. निर्णय चांगलाच, त्यात वाद नाही: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३, बाई असो की बाप्या. पण हे पैसे दर सामन्याचे. सामनाच मिळाला नाही तर काय? भारताची माजी कर्णधार मिताली राजची दोन दशकांहून मोठी कारकीर्द, कसोट्या १२. वेगवान गोलंदाज झूलन गोस्वामीच्याही १२च. नोव्हेंबर २०१४ नंतर भारतीय महिला संघाला पुढची कसोटी मिळाली ती थेट जून २०२१मध्ये. (वार्षिक करारांचं तर बोलूच नका. २०२४-२५मध्ये पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची, महिलांची ५० लाखांची.)

आणि हे खालपासूनच सुरू होतं. माझी पुतणी तालुक्याच्या मैदानावर सरावाला जायची. संध्याकाळची नेट (जाळीतला सराव) मुलांची, मुलींना साडेतीनची वेळ, तेव्हा शाळाही सुटलेली नसायची. क्लबच्या किटमधली पॅड सगळी थोरल्या पोरांच्या मापाची, पट्टे कितीही आवळा, धावताना गुडघ्याखाली घसरणार. मग पोरी पॅड बाजूला टाकून टेनिस बॉलवरच खेळायच्या. निवड चाचणीत सीझन बॉल (कातडी, टणक चेंडू) अंगावर आला की साहजिकच मागे सरकायच्या, आणि निवडणारे म्हणायचे, मुलींत जिगर नाही! पालकांनी मिळून अर्ज दिला तेव्हा कुठे आठवड्यातून दोन संध्याकाळी नेट मिळाली, तीही मुलांची स्पर्धा नसेल तर.