नऊ बुधवार की रक्ततपासणी? चाळिशीनंतरची घालमेल आणि आपली श्रद्धा

माहीमकर

आपल्या मराठी ख्रिस्ती महिला मंडळांत एक सल्ला सर्रास दिला जातो. पंचेचाळिशीची बाई सांगते, रात्री तीनला दचकून जाग येते, छातीत धडधडतं, उशी घामाने भिजते, पाळी कधी पंधरा दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी येते. उत्तर ठरलेलं: ‘नऊ बुधवार धर, माऊली बघून घेईल.’ माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे मरियामातेची सलग नऊ बुधवार करायची प्रार्थना, चालू आहे आणि तिथे रांगेत उभं राहून हलकं होणाऱ्या बायांची श्रद्धा खरी आहे. माझा विरोध ‘आधी नोव्हेना, मग बघू’ या क्रमाला आहे.

नऊ बुधवार म्हणजे दोन महिने. तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, तर तेवढ्यात अंगातलं रक्त धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतं. बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, 8 च्या खाली गेलं की गंभीर. रक्त कमी झालं की धडधड, धाप, जीव घाबरा होणं हे सगळं वाढतं. ज्या चिंतेसाठी आपण गुडघे टेकतो, तिच्यात रक्ताच्या कमतरतेचा मोठा वाटा असू शकतो. थायरॉइड बिघडला तरी अशीच घालमेल होऊ शकते.

म्हणून माझं म्हणणं: पहिला बुधवार आणि सीबीसी (रक्ताची सर्वसाधारण तपासणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, रक्तदाब हे एकाच आठवड्यात व्हावं, आणि हे मंडळाच्या प्रमुख बाईंनीच सांगावं, मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) वेदीवरूनही.

नायगाव_वसई

मला हा क्रम उलटा वाटतो. भीतीने गळाठलेली बाई घराचा उंबरा ओलांडत नाही. तिला उभं करते ती प्रार्थनाच. दवाखाना नंतरचा.

आणि दवाखान्यात काय मिळतं तेही बोला. दोन मिनिटांत ‘वय झालं, गर्भपिशवी काढून टाका.’ बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली रक्तस्रावाने पीडलेली बाई आठवा. बारा वर्षं, पुष्कळ वैद्य, होतं नव्हतं ते सगळं खर्च, आणि गुण येण्याऐवजी दुखणं अधिकच बळावलं. आमच्या बाया आधी देवाकडे जातात, कारण तिथे त्यांना कुणी घाईने उठवत नाही.

ओपीडी_परळ

पिशवीबद्दलचा राग रास्त आहे, म्हणून त्यावरच लिहिते.

गर्भपिशवी काढणं हा जास्त रक्तस्रावावरचा पहिला उपाय नव्हे. आधी सोनोग्राफी. पंचेचाळिशीनंतर अनियमित, जास्त रक्तस्राव असेल तर गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. त्यात कर्करोगाची खूण नसेल तर रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, त्या फक्त रक्तस्रावाच्या दिवसांत घ्यायच्या. पूर्वी पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत, हे आपणहून सांगा. मग प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या, आणि पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधन, जे काही वर्षं काम देतं. एवढं होऊनही भागलं नाही, किंवा पिशवीतल्या मांसल गाठी (फायब्रॉइड) फार मोठ्या असल्या, तर शस्त्रक्रिया.

कुणी थेट शस्त्रक्रियेची तारीख दिली तर तिथेच विचारा: तुकड्याचा रिपोर्ट काय आला? गोळ्यांनी किंवा साधनाने का भागणार नाही? आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का? तिसरा प्रश्न बाया विचारतच नाहीत. दोन्ही अंडाशयं काढली की पाळी जाण्याचा काही वर्षांचा उतार एका दिवसात कोसळतो. गरम वाफा, निद्रानाश, घालमेल सगळं एकदम अंगावर येतं, पुढे हाडंही लवकर ठिसूळ होतात.

आणखी एक, यात वाट बघण्याची सवलत नाही. पूर्ण बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली. त्यानंतर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. ‘परत सुरू झाली वाटतं’ म्हणून बसायचं नाही. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण कर्करोग लवकर सापडण्याची संधी तीच असते.

मार्कमधल्या त्या बाईला येशूने ‘वैद्यांकडे का गेलीस’ असं विचारलं नाही. लपून आलेल्या तिला ‘मुली’ म्हटलं आणि तिचं दुखणं उजेडात आणलं.

नायगाव_वसई

हार्मोनचं साधन म्हणजे गर्भ राहू नये म्हणून बसवतात तेच ना? कॅथलिक बाईला हे सुचवताना चर्चची शिकवण विचारात घेतली का? आमच्याकडे अशा सल्ल्याने बाया पापाच्या भीतीने आणखी झुरतात.

जपमाळ_वांद्रे

ही भीती मी पुष्कळ ऐकली आहे, आणि ती अपुऱ्या माहितीवर उभी आहे. पोप सहावे पॉल यांच्या 1968 च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकाचा 15 वा परिच्छेद वाचा. शरीराचा आजार बरा करण्यासाठी लागणारा उपचार, त्याने गर्भधारणेला अडथळा येणार हे आधी ठाऊक असलं तरी, निषिद्ध नाही. अट एवढीच की तो अडथळा हा हेतू नसावा. रक्तस्रावावर दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या यात बसतात. पिशवीत बसवायच्या साधनाविषयी काही धर्मगुरू जास्त सावध असतात, कारण ते अस्तरावरही परिणाम करतं. अशा वेळी तुमचं पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला विचारा, आणि डॉक्टरांना ‘गोळ्यांनी आधी बघू या का’ असं म्हणा. दोन्ही प्रश्न विचारायला लाज कसली?

उपासाचंही असंच. राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोनच दिवस उपास बंधनकारक, तोही 18 ते 59 वयाला, आणि त्यातसुद्धा एक पूर्ण जेवण व दोन अल्प आहार चालतात. आजारी माणसाला सूट आहे. तरी मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या बाया त्या उपासकाळाचे चाळीस दिवस दुपारपर्यंत पाण्यावर राहतात. साखर उतरली की हात थरथरतात, घाम फुटतो, काळीज धडधडतं आणि ती म्हणते, मोह वाढलाय, प्रार्थना वाढवते. तिला आधी साखर-पाणी द्या.

भायखळा_उपासक

आम्ही प्रॉटेस्टंट, त्यामुळे नोव्हेना आमच्याकडे नाही. पण दुखणं तेच, फक्त हत्यार वेगळं: बायबलातलं पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, 4:6. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ घाबरलेल्या बाईसमोर ही ओळ अशी म्हटली जाते की तिला वाटावं, आपला विश्वासच उणा. पौलाने हे बंदिवासातून लिहिलं, धीर देण्यासाठी. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूला व्याकूळ होऊन घाम आला. आणि 1 राजे 19 मधला संदेष्टा एलीया झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो.

रात्रभराच्या जागरण-प्रार्थनेला माझा उघड विरोध आहे, निदान या वयातल्या, झोप उडालेल्या बायांसाठी. चार रात्री मोडल्या की पाचव्या दिवशी घालमेल वाढणारच. त्यांची प्रार्थना संध्याकाळी आठला आटोपा.

त्याहून घातक म्हणजे ‘गोळ्या सोडल्या, प्रभूने बरं केलं’ ही मंडळीसमोर उभं राहून दिलेली साक्ष. ती ऐकून दुसरी बाई घरी जाऊन गोळ्या कचऱ्यात टाकते.

नायगाव_वसई

साक्ष खोटी असते असं म्हणायचं आहे का? मनाच्या गोळ्यांची सवय लागते, माणूस जन्मभर अडकतो. हे भय निराधार नाही.

समुपदेशक_अंधेरी

साक्ष खरीही असेल. पण गोळी बंद करायची ती डॉक्टरांबरोबर, आठवड्या-आठवड्याने कमी करत.

सवयीचं भय एका गटाबद्दल खरं आहे. अल्प्राझोलामसारखी झोपेची-चिंतेची गोळी रोज, महिनोन् महिने घेतली तर सवय लागते, आणि एकदम सोडली तर फिट येऊ शकते. एस्सिटॅलोप्रामसारख्या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्या वेगळ्या. त्यांची तशी चटक लागत नाही, गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा थोडी जास्त बेचैनी होते. बाया नेमक्या तिथेच सोडतात. काही महिने घेऊन एकदम थांबवल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं. मग बाईला वाटतं विश्वास कमी पडला. तो गोळी तोडल्याचा परिणाम असतो. यातल्या काही गोळ्या कमी मात्रेत गरम वाफाही कमी करतात, त्यामुळे स्तनाच्या कर्करोगामुळे हार्मोन घेता येत नाहीत अशांना डॉक्टर त्या देतात. मात्र टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी चालू असेल तर सगळ्या चालत नाहीत, ते आधी सांगायचं.

आता प्रार्थनेबद्दल, कारण शरीरावरचा तिचा परिणाम मोजला गेला आहे. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांचा अभ्यास आला. 23 निरोगी माणसांनी लॅटिनमध्ये जपमाळ म्हटली तेव्हा त्यांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. त्या संथ लयीने हृदय आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा सुधारते. घाबरल्यावर आपण याहून कितीतरी जास्त वेगाने श्वास घेतो.

करायचं असं: मणी बोटात धरा. जपमाळेतल्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पहिला भाग मनात, श्वास आत घेताना. दुसरा भाग ओठांत पुटपुटत, श्वास सोडताना, आणि सोडणं लांब. मराठी शब्द जास्त आहेत, एका श्वासात कोंबू नका. ‘प्रभू येशू’ आत, ‘माझ्यावर दया कर’ बाहेर, एवढंही पुरे. पाच मिनिटं म्हणजे तीसेक श्वास, जपमाळेतले दहा-दहा मण्यांचे तीन टप्पे. बिघडतं कुठे? समूहात जपमाळ भरभर, मोठ्याने म्हटली जाते. श्वास छातीतल्या छातीत राहतो, बोटांना मुंग्या येतात, घाबरणं वाढतं. लोकलच्या गर्दीत डोळे मिटू नका, कडी धरून मणी मोजा. आणि हा सराव रोज, शांत असताना करा. एरवी कधीच न केलेली गोष्ट झटक्याच्या वेळी सुचत नाही.

घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. छातीवर दडपण, जबडा किंवा हात दुखणं, थंड घाम, धाप यांतलं काही असेल, आणि त्यातही मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर जपमाळ हातात असू दे, पण 108 ला फोन करा आणि ईसीजी काढा. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही.

नायगाव_वसई

श्वासाचं पटलं, मंडळात दाखवीन. औषध चालू असलेल्या बाईला साक्ष द्यायला उभं करायचं नाही, हेही मान्य. पण मिस्सानंतर वेदीवरून पाळीविषयी घोषणा करणं मला पटत नाही. वेदी त्यासाठी नाही. शिवाय सासूच्या शेजारी बसलेली बाई ती घोषणा ऐकून उलट आणखी गप्प होईल.

माहीमकर

वेदीवरून नको, मान्य. महिला संघाच्या सभेत सांगा. पण एक पाळा: व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थना-विनंतीत नाव आणि आजार एकत्र लिहू नका. ‘एका भगिनीच्या स्वास्थ्यासाठी’ एवढं देवाला पुरतं. नाव फुटलं की पुढची बाई तोंड उघडत नाही.

ओपीडी_परळ

आणि सभेत लोहाच्या गोळ्या वाटणार असाल तर सोबत सांगा: चहाबरोबर नाही, कॅल्शियमबरोबर नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरं. शौच काळं होतं, घाबरू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायची.

नायगाव_वसई

पण सभेची सुरुवात प्रार्थनेनेच. क्रमावर मी अजून ठाम आहे.