मदत हवी आहे: केंटकीतल्या एका मूळ पुरुषाचा माग (१७९५ च्या आधीचं काहीच सापडत नाही)

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या जुन्या दफ्तरांत कुणी घराण्याचा शोध घेतला असेल तर कृपया मदत करा. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं कुठे अडलंय ते कळणार नाही.

माझं सासर इथलंच, ओहायो नदीच्या काठचं. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. लग्नानंतर मी त्यांना माझ्या माहेरचा कुलवृत्तांत दाखवला होता. भाषा कळत नव्हती तरी त्या वंशवृक्षाच्या फांद्यांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "आमचाही असा करशील?" त्याला आता तीन वर्षं झाली. दर रविवारी जेवायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: काही सापडलं का?

घरात चालत आलेली गोष्ट अशी. यांचा मूळ पुरुष १७८० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातून मोनोंगाहेला आणि मग ओहायो नदीने, सपाट बुडाच्या नावेतून लाइमस्टोनला उतरला. लाइमस्टोन म्हणजे आजचं मेझव्हिल. या नावा प्रवाहाबरोबर खाली येत, उलट वर नेता येत नसत, म्हणून पोचल्यावर लोक त्या मोडून फळ्या घरांना वापरत. सासूबाई सांगतात की आमचं पहिलं घरही नावेच्याच फळ्यांचं होतं. आणि तो म्हणे सायमन केंटनच्या, म्हणजे इथे सुरुवातीला आलेल्या एका गाजलेल्या वाटाड्याच्या, माणसांपैकी एक होता.

हातात काय आहे ते सांगते. सगळ्यात जुना कागद म्हणजे घरच्या बायबलमधली जन्म-मृत्यूच्या नोंदींची दोन पानं. सुरुवातीला मी ती प्रमाण मानली होती. मग एकदा भिंगाखाली धरून पाहिली, तर पहिल्या नऊ नोंदी एकाच हाताच्या, एकाच तपकिरी शाईच्या निघाल्या. नऊ मुलांचे जन्म वीस वर्षांत झालेले, आणि लिहिणाऱ्याचा बोरू एकदाही बदललेला नाही! पुस्तकाचं पहिलं पान उलटून छपाईचं साल पाहिलं, तर ते शेवटच्या मुलाच्या जन्मानंतरचं. म्हणजे कुणीतरी नंतर आठवणीतून एका बैठकीत हे सगळं लिहून काढलंय. नोंदी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही, पण तारखांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

त्यानंतर मेसन काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग; मेझव्हिल याच काउंटीत) करयाद्या बघितल्या. केंटकीत १७९० आणि १८०० ची जनगणना उरलेलीच नाही. पहिली हाती लागते ती १८१० ची, आणि तीतही फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. बाकी माणसं वयाच्या रकान्यात नुसत्या आकड्यांनी. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला १८५० उजाडलं. म्हणून मधली सगळी भिस्त करयाद्यांवर. त्यात आमचा माणूस पहिल्यांदा दिसतो १७९५ मध्ये: एक घोडा, जमीन शून्य. पुढे काही वर्षांनी शंभर एकर, लॉरेन्स क्रीकवर.

त्याच्या आधी मात्र काळोख.

काउंट्यांची फाटाफूट मी लक्षात घेतली आहे. मेसन काउंटी १७८९ मध्ये बर्बनमधून निघाली, बर्बन फेयेटमधून, फेयेट १७८० मध्ये केंटकी काउंटीतून, आणि ती १७७६ च्या अखेरीस फिनकॅसलमधून. १ जून १७९२ ला केंटकी वेगळं राज्य होईपर्यंत हा सगळा मुलूख व्हर्जिनियाचा. आपल्याकडे तालुका बदलला की जुने फेरफार कुठल्या कचेरीत शोधायचे हा घोळ होतो, तसाच हा. बर्बन आणि फेयेटच्या सूच्या मी पाहिल्या. नाव नाही.

आता माझी शंका. सायमन केंटनबद्दल वाचलं तेव्हापासून ती डोक्यातून जात नाहीये. केंटनचा जन्म व्हर्जिनियात १७५५ चा. १७७१ मध्ये, सोळाव्या वर्षी, विल्यम लीचमन नावाच्या तरुणाशी त्याची मारामारी झाली. आपल्या हातून तो मेला असं वाटून केंटन डोंगर ओलांडून पळाला आणि सायमन बटलर झाला. पुढे दहा-अकरा वर्षांनी त्याला कळलं की लीचमन जिवंत आहे. तेव्हा त्याने स्वतःचं नाव परत घेतलं. १७७७ मध्ये बून्सबरोच्या गढीत तिथल्या प्रसिद्ध पुढाऱ्याचा, डॅनिएल बूनचा, जीव वाचवणारा, १७७८ मध्ये इथल्या मूळ रहिवासी शॉनी लोकांच्या हाती सापडलेला, तो लोकांच्या लेखी बटलर होता. त्या वर्षांत "केंटन" शोधत बसणाऱ्याच्या हाती काय लागणार?

आमच्या माणसानेही नाव बदललं असेल का? आणि तसं असेल तर कुठून सुरुवात करू?

दुसरा प्रश्न वेगळाच आहे, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. त्याच करयादीत काही वर्षांनंतरच्या ओळीत, घोड्यांच्या रकान्याशेजारी, "सोळा वर्षांवरील काळे" असा रकाना आहे. आमच्या माणसापुढे तिथे १ आहे. मी तो आकडा पाहिला आणि पान मिटलं. घरात ही गोष्ट कुणीच कधी सांगितलेली नव्हती. हे माणूस कोण होतं, त्याचं नाव कुठे मिळेल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, नाव बदलल्याचा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. केंटनची गोष्ट गाजली कारण ती विरळा होती. आधी साधी कारणं संपवा.

त्याला स्वतःला शोधू नका, त्याच्या आजूबाजूच्यांना शोधा. लग्नाचं बंधपत्र मिळालंय का? त्यावर नवऱ्यामुलासोबत जामीन राहणारा बहुधा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो. त्या माणसाचा माग घ्या, कारण कुटुंबं एकमेकांना धरून पुढे सरकत. दुसरं, लॉरेन्स क्रीकवर जमीन असलेले सगळे करदाते एका वहीत उतरवा, वर्षवार. दोन-तीन आडनावं सतत बरोबर दिसायला लागतील. ती पेनसिल्व्हेनियात एकाच गावात सापडली, तर तुमचा माणूसही तिथलाच असण्याची शक्यता मोठी. एकाच नावाची तीन-तीन माणसं असतात तेव्हा शेजाऱ्यांवरूनच कोण कुठला ते ठरतं.

आणि नावापुढे धाकटा-थोरला लिहिलेलं दिसलं तर बापलेक समजू नका. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की नात्याचा संबंध नसतानाही कारकून वयावरून तसं लिहीत.

धागाकर्ती

खूप आभार. बंधपत्र आहे माझ्याकडे. त्यावर पन्नास पौंडांचा आकडा आहे, मला वाटलं होतं घरची परिस्थिती चांगली होती!

प्रतिसाद

नाही, पन्नास पौंड सगळ्यांनाच लिहून द्यावे लागत. प्रत्यक्ष पैसे कुणी मोजत नसे. लग्नाला कायद्याने काही आडकाठी निघाली तरच ती रक्कम देणं लागे. बंधपत्राची तारीख म्हणजे लग्नाची तारीख नव्हे, हेही वंशवृक्षात लिहिताना पाहा.

जमिनीचे कागद मात्र मुळापासून बघा. व्हर्जिनियाच्या १७७९ च्या कायद्याने, १ जानेवारी १७७८ च्या आधी येऊन वस्ती केलेल्याला ४०० एकर मिळत आणि लागून आणखी १००० एकर घेण्याचा पहिला हक्क. पुढच्यांना वॉरंट, म्हणजे अमुक एकर जमीन घेण्याचा परवाना, विकत घ्यावं लागे. मग चार पायऱ्या: वॉरंट, नोंद, मोजणी, सनद. लोक फक्त सनद शोधतात आणि तिथेच फसतात. तुमच्या माणसाकडे १७९५ ला जमीन नाही, म्हणजे त्याच्या नावे सनद नसणारच. पण तो दुसऱ्याच्या मोजणीत असू शकतो! मोजणीच्या कागदाच्या तळाशी साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात, शिवाय झाडांवर खुणा करणाऱ्याचं. हे लोक जवळपासचे, पुष्कळदा जमीनवाल्याच्या नात्यातले तरुण. स्वतःच्या नावे काही नसलेली पोरं नेमकी इथे सापडतात. केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, तिथल्या लँड ऑफिसने हे कागद ऑनलाइन ठेवलेत, पण साखळीवाल्यांची नावं शोधायला एकेक पान उघडून वाचावं लागतं.

एक विचारतो: आडनावात दोन "एस" लागून येतात का?

धागाकर्ती

हो! येतात. तुम्हाला कसं कळलं?

प्रतिसाद

कळलं नाही, शंका आली. त्या काळी जोडीतला पहिला "एस" लांब काढत, "एफ"सारखा, खाली शेपूट सोडून. दोन एस एकत्र आले की नवख्या डोळ्यांना "एफ-एस" दिसतं, नाहीतर थेट "पी". सूची करणाऱ्यांनी जे दिसलं ते लिहिलं. तुम्ही सूची पाहिलीत, मूळ पान नाही. दोन एसच्या जागी "पी" घालून शोधा. मोडी वाचणाऱ्याला हे लगेच पटेल, तिथेही एका वळणाने अक्षर बदलतं.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. करयादीत आणि जनगणनेत गुलाम माणसांचे फक्त आकडे मिळतील. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्यांतही मालकाचं नाव, खाली वय आणि लिंग, बस. नाव हवं असेल तर मालकाचं मृत्युपत्र आणि त्याच्या मालमत्तेची मोजदाद बघा. काउंटीच्या मृत्युपत्रांच्या वहीत दोन्ही असतात. मोजदाद करणारे शेजारी घरातली एकेक वस्तू लिहून किंमत टाकत, आणि माणसांचीही. वाचायला जड जातं, पण नाव तिथेच मिळतं.

केंटनचं म्हणाल, तर जमिनीच्या दाव्यांत त्याच्या पुष्कळ जबान्या झाल्यात. एकाच जमिनीवर तीन-तीन दावे असायचे. अब्राहम लिंकनच्या वडिलांनीही अशाच भानगडींना कंटाळून १८१६ मध्ये केंटकी सोडलं. जुना ओढा कुठला, खूण केलेलं झाड कुठलं, हे सांगायला जुन्या माणसांना बोलावत, आणि ते सांगताना बरोबर कोण होतं तेही सांगत. लायमन ड्रेपर या एकोणिसाव्या शतकातल्या इतिहास-संग्राहकाने जमवलेल्या कागदांत केंटनचे वेगळे खंड आहेत. मूळ कागद विस्कॉन्सिनला मॅडिसनमध्ये, मायक्रोफिल्म बऱ्याच ग्रंथालयांत मिळते. घरातली गोष्ट खरी असेल तर तिथे धागा लागेल. मात्र केंटनबरोबर होतो असं सांगणारी घराणी इथे फार, एवढं मनात ठेवा.

धागाकर्ती: ताजी खबर

मंडळी, सापडला!

"पी" घालून शोधलं आणि बर्बन काउंटीच्या यादीत पहिल्याच झटक्यात नाव समोर आलं. मूळ पान उघडलं तर लांब शेपटीचा एस स्वच्छ दिसतोय. त्याने नाव बदललेलं नव्हतं. कारकुनाची चूकही नव्हती. त्याने त्याच्या काळच्या वळणाने अगदी बरोबर लिहिलं होतं, वाचायला आम्हीच चुकलो. मी तीन वर्षं त्या पानाच्या आसपास फिरत होते.

मग तीन रात्री बसून लॉरेन्स क्रीकच्या आसपासच्या मोजण्या वाचल्या. "शुगरट्री आणि दोन ॲश झाडांपासून सुरू, तिथून उत्तर अमुक अंश पूर्व, अमुक पोल, ओढ्याकाठच्या हिकरीपर्यंत." एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. आपल्या चतुःसीमेसारखंच, फक्त शेजाऱ्याच्या बांधाऐवजी झाडं, कारण शेजारी अजून यायचे होते. खरं तर त्या रानात शॉनी लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला येत, पण या कागदांत त्यांच्यासाठी एकही रकाना नाही. एका मोजणीच्या तळाशी साखळीवाले म्हणून दोन नावं होती. एक आमचा माणूस. दुसरा, लग्नाच्या बंधपत्रावर जामीन राहिलेला, म्हणजे पुढे झालेला त्याचा मेव्हणा. लग्नाच्या चार वर्षं आधी दोघे एका साखळीची दोन टोकं धरून रानातून चालले होते. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तर त्यांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली.

केंटनचा मात्र अजून कुठे पुरावा नाही, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. ड्रेपरच्या फिल्म बघणं बाकी आहे.

मृत्युपत्राच्या वहीची चित्रंही मिळाली. मोजदाद दीड पानाची. तपकिरी घोडी आणि तिचं शिंगरू, दोन नांगर, चरखा, लोखंडी कढई. घोडी आणि नांगरांच्या मध्ये एका बाईचं नाव आणि डॉलरमध्ये किंमत. नुसतं पहिलं नाव, आडनाव नाही. मृत्युपत्रात ती धाकट्या मुलीच्या वाटणीला आहे. मी हे सासूबाईंपासून लपवावं की काय, असं दोन दिवस घोळत होतं. शेवटी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तिला आपल्या पुस्तकात कुठे लिहिणार आहेस?"

म्हणून हा पुढचा प्रश्न. धाकटी मुलगी लग्नानंतर नदीपलीकडे ओहायोत, जिथे गुलामगिरी नव्हती, तिथे गेली नाही, केंटकीतच राहिली. केंटकीत गुलामगिरी डिसेंबर १८६५ पर्यंत होती, आणि मुक्त झालेल्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा येतात ती १८७० च्या जनगणनेत. ही बाई तोवर हयात असणं कठीण, पण तिची मुलं असतील. फक्त पहिलं नाव हाती असताना तिथपर्यंत कसं पोचायचं? मुलीच्या सासरचं आडनाव आणि त्यांच्या करयाद्या माझ्याकडे आहेत. कुणी हा रस्ता चाललं असेल तर कृपया इथेच लिहा. सोमवारी मी मेझव्हिलला जातेय, सुचवाल ते दफ्तर तिथे मागून बघेन.