भडंग हलकं नाही, तेलाचा हिशेब धरा

वर एकांनी लिहिलंय की हॉटेलचं जेवण जड असेल, पण आपल्या सांगलीचं भडंग म्हणजे शेवटी चुरमुरेच, त्यानं काय होतंय! मला हे अजिबात पटत नाही. चुरमुरे हलके, खरंय. पण भडंगाची फोडणी बघा: तेलात शेंगदाणे तळायचे, मग ठेचलेला लसूण, कढीपत्ता, मसाला, आणि ते सगळं तेल चुरमुरे पिऊन टाकतात. खाल्ल्यावर बोटं तांबडी, तेलकट होतात ती उगीच नाही. एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी, म्हणजे मोठा चमचाभर तेल सव्वाशेच्या घरात. 100 ग्रॅम शेंगदाणे साडेपाचशेच्या वर. टीव्हीसमोर पुडा घेऊन बसलं की जेवणाएवढं पोटात जातं, आणि वर रात्रीचं जेवण असतंच.

हॉटेलांचं म्हणाल तर, दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्यांना मेनूकार्डावर कॅलरी छापणं बंधनकारक आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याला ते लागू नाही. म्हणून तिथं "वरचा कट नको" असं सांगायला लाजू नका, तेल सगळ्यात जास्त तिथंच असतं. आणि पोरांना भडंग वाटीत काढून द्या, अख्खा पुडा नको.